पॉयरोला जरा बसू द्या : केनेथ ब्रॅना यांना खुले पत्र

सर केनेथ ब्रॅना यांस,



२०१७ मध्ये 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस', २०२२ मध्ये 'डेथ ऑन द नाइल' आणि २०२३ मध्ये 'अ हाँटिंग इन व्हेनिस' असे अगाथा ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांवरचे तीन चित्रपट तुम्ही केलेत. तिन्हींचे दिग्दर्शक तुम्ही आणि तिन्हींतले हर्क्युल पॉयरोही तुम्हीच. तेव्हापासून ख्रिस्तींच्या भक्तांनी तुमच्यावर आरोपांची सरबत्ती लावली आहे. मिशी भलतीच मोठी, पात्रांची अदलाबदल, गोऱ्यांच्या भूमिकांत कृष्णवर्णीय नट, इंग्लंडातलं खेडं उचलून थेट व्हेनिसला नेलं. थोडक्यात, मूळ पुस्तकाशी बेइमानी. यातले बहुतेक आरोप मला फोल वाटतात. एक मात्र खरा आहे आणि नेमका तोच या गदारोळात हरवला आहे. हे पत्र त्याच्यापुरतं. (खुनी कोण, हे या पत्रात कुठेही सांगितलेलं नाही. ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी निर्धास्त वाचावं.)

आधी फोल आरोपांचा निकाल लावून टाकतो. रहस्यकथेचं गाव, काळ, पात्रांचा वर्ण, त्यांचे व्यवसाय यांना हात लावला की निष्ठा संपते, हे मला मान्य नाही. तुमच्या 'ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये लेस्ली ओडम ज्युनियर यांचा डॉक्टर अर्बथनॉट आहे. त्याच्यात कादंबरीतला कर्नल आणि ग्रीक डॉक्टर असे दोघे एकत्र केले आहेत. 'नाइल'मध्ये सोफी ओकोनेडो यांची सलोमी ऑटरबोर्न लेखिकेऐवजी ब्लूज गायिका झाली आणि अमेरिकन पेनिंग्टनच्या जागी आपला अली फजल आला. यातून कथेचं काही बिघडलं नाही. ख्रिस्तींच्या लेखनात त्यांच्या काळातले वर्णद्वेषाचे शिंतोडे आहेतच. १९३९ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचं मूळ इंग्रजी नावच पुढे बदलावं लागलं. ते शिंतोडे जपून ठेवण्यात कसली आलीय निष्ठा?

जागा बदलूनही इमान कसं राखता येतं, याचा आमच्याकडचा दाखला देतो. ऋतुपर्णो घोष यांनी २००३ मध्ये 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड' या १९६२ च्या कादंबरीवरून 'शुभ मुहूर्त' हा बंगाली चित्रपट केला. ख्रिस्तींच्या म्हाताऱ्या गुप्तहेर मिस मार्पलची झाली घरात बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी रांगा पिशी, तिच्या सेंट मेरी मीड गावाचं झालं कोलकाता, आणि इंग्लंडातल्या समारंभाच्या जागी आला सिनेमाचा मुहूर्त. राखी यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वरवर पाहता मूळ कादंबरीतलं काहीच शिल्लक नाही. पण खून का झाला याचं कारण, आणि ते कारण एका म्हातारीच्या लक्षात येतं कसं याची वाट, दोन्ही जिथल्या तिथे आहेत.

तुमच्याच देशातलं दुसरं उदाहरण तर याहून बारीक विणीचं आहे. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसन होम्सच्या हाती एक खिशातलं घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत. शुद्धीत असलेल्या माणसाचा हात किल्ली देताना असा घसरत नाही. म्हणजे घड्याळाचा आधीचा मालक दारुडा होता, असा होम्सचा निष्कर्ष. बीबीसीच्या २०१० च्या 'शेरलॉक'मध्ये घड्याळ नाही, मोबाइल आहे, आणि ओरखडे आहेत चार्जर खुपसण्याच्या भोकाभोवती. निष्कर्ष तोच. आणि मग पाठीमागे कोरलेल्या 'हॅरी' या नावावरून हा वॉटसनचा भाऊ, असा अंदाज शेरलॉक बांधतो. पुस्तकात तो भाऊच होता. इथे ती बहीण निघते. ज्याने मूळ कथा वाचलेली आहे त्याला वाटतं मला सगळं ठाऊक आहे, आणि नेमका तोच होम्सबरोबर फसतो. एकशे वीस वर्षांचं अंतर ओलांडून तीच करामत पुन्हा उभी करणं, याला मी निष्ठा म्हणतो. (त्याच मालिकेने २०१७ पर्यंत याच गुणावर पाणी सोडलं, ही वेगळी गोष्ट.)

याच्या उलट टोकाला आयटीव्हीची २००४ पासूनची 'मार्पल' मालिका. टोप्या, मोटारी, चहाचे कप, सगळं काळाला धरून. पण ज्या कादंबऱ्यांत मिस मार्पल मुळात नव्हतीच, त्यांतही तिला नेऊन बसवलं, आणि 'द बॉडी इन द लायब्ररी'मध्ये तर गुन्हेगारांच्या जोडीतलं एक माणूसच बदललं. कपडेपट अस्सल आणि कोडं बनावट. तुमचे टीकाकार मिशीचं माप काढत बसतात, त्यांनी जरा इकडेही पाहावं.

मग निष्ठा कशाशी ठेवायची? रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. गुप्तहेराला जे दिसतं ते मलाही दिसलं पाहिजे, तेही त्याने तोंड उघडण्याच्या आधी. लंडनमध्ये १९३० च्या सुमारास स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबातले लेखक हा करार गंभीरपणे घेत. त्यांच्यातल्याच रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा दंडक मांडले. हाती लागलेला पुरावा गुप्तहेराने वाचकापासून लपवून ठेवायचा नाही, हा त्यांपैकीच एक. १९२६ मध्ये 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' प्रसिद्ध झाल्यावर जो वाद पेटला, तो ख्रिस्तींनी वाचकाला फसवलं का, यावरच. पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं तर प्रत्येक वाक्य खरं होतं. आपणच ते नीट वाचलं नव्हतं. ख्रिस्तींची सारी कारागिरी या एका गोष्टीत आहे.

इथे कुणी म्हणेल, अहो, ख्रिस्तीबाईंनी स्वतःच आपल्या कादंबऱ्यांची मोडतोड केली होती की! केली होती. 'अँड देन देअर वेअर नन'चं नाटक करताना त्यांनी शेवट बदलून गोड केला, आणि १९४५ च्या रने क्लेअर यांच्या चित्रपटाने तोच शेवट उचलला. १९४० च्या दशकात 'डेथ ऑन द नाइल' रंगभूमीवर आणताना तर त्यांनी पॉयरोलाच काढून टाकलं आणि त्याच्या जागी एक पाद्री ठेवला. हा आक्षेप मला अडचणीचा वाटत नाही, उलट तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. नाइलवरच्या बोटीतून ख्रिस्तींनी काय उतरवलं? त्यांचा सर्वांत लोकप्रिय गुप्तहेर. आणि काय ठेवलं? गोळी कुणी, केव्हा, कुठून झाडली याचं वेळापत्रक. पॉयरोशिवाय ते कोडं उभं राहतं, कोड्याशिवाय पॉयरो उभा राहत नाही, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. तुमच्या 'नाइल'ने हिशेब उलटा मांडला. चित्रपट सुरू होतो १९१४ च्या बेल्जियममधल्या खंदकात. तरुण पॉयरो, त्याचा कप्तान, स्फोट, विद्रूप झालेला चेहरा, आणि व्रण झाकायला मिशी वाढव असं सांगणारी त्याची प्रेयसी. कृष्णधवल चित्रीकरण देखणं आहे, याबद्दल वाद नाही. पण नाइलवरच्या खुनाचं कोडं सोडवायला त्यातली एकही गोष्ट उपयोगी पडत नाही.

तिकडे १९३७ च्या कादंबरीत पॉयरो मृत स्त्रीच्या केबिनमध्ये नेलपॉलिशच्या दोन बाटल्या पाहतो. एकीवर गडद लाल रंगाचं नाव, दुसरीवर फिकट गुलाबीचं. गुलाबी म्हणून असलेल्या बाटलीच्या तळाशी जे थेंब आहेत ते मात्र लालभडक. तो हुंगून बघतो, बाटली ठेवून देतो, पुढे जातो. वाचकही पुढे जातो, कारण बायकांच्या टेबलावर असल्या बाटल्या असायच्याच. सगळं रहस्य त्या थेंबांत आहे आणि ख्रिस्तींनी ते उघड्यावर ठेवलं आहे. तुम्ही बाटलीच्या जागी चित्रकर्तीच्या रंगाची हरवलेली ट्यूब आणलीत. हा बदल मला चालतो, प्रामाणिक आहे. तक्रार एवढीच की खंदकाला मिनिटांमागून मिनिटं मिळतात आणि त्या ट्यूबच्या वाट्याला एक ओझरतं वाक्य.

'ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये हे जास्तच खुपतं. १९३४ च्या कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिल्यात घटना, दुसऱ्यात एकेका प्रवाशाची जबानी, आणि तिसऱ्या भागाचं नावच असं की पॉयरो मागे टेकून बसतो आणि विचार करतो. विन्कोव्त्सी आणि ब्रॉडच्या मध्ये गाडी बर्फात रुतलेली. पोलीस नाहीत, प्रयोगशाळा नाही, तार करायची सोय नाही. लेखिकेने पॉयरोची सगळी साधनं मुद्दाम काढून घेतली आहेत, म्हणजे डोक्याखेरीज काही उरायला नको. हाताशी काय, तर कोपऱ्यात 'एच' विणलेला एक उंची रुमाल आणि एका हंगेरियन पासपोर्टवर पडलेला तेलकट डाग. डाग कुठे पडला आहे, हे ख्रिस्ती सांगतात. का पडला आहे, हे विचारायचं काम आपलं. पॉयरो डोळे मिटून बसतो तेव्हा शेजारचे दोघेही विचार करू लागतात, आणि त्यांच्यातल्या ग्रीक डॉक्टर कॉन्स्टंटाइनचं मन भलत्याच ठिकाणी भरकटतं. विचार करणं हीच या पुस्तकातली सर्वांत नाट्यमय घटना आहे आणि ख्रिस्ती तिची थट्टासुद्धा करू शकतात.

तुमच्या चित्रपटात पॉयरोला बसायला सवड नाही. जेरुसलेमला भिंतीत काठी खुपसून तो चोराची वाट अडवतो. गाडी हिमस्खलनात अडकल्यावर पुलाच्या लाकडी सांगाड्यावरून संशयिताचा पाठलाग करतो. शेवटाकडे त्याला गोळीही लागते. पण याहून गंभीर आहे ते एक पत्र. ज्या जुन्या अपहरणाशी या खुनाचा धागा जुळतो, त्या आर्मस्ट्राँग कुटुंबाच्या प्रमुखाने मदतीसाठी पॉयरोला पत्र लिहिलं होतं आणि ते उशिरा पोहोचलं, असं तुम्ही दाखवलंत. पुस्तकातल्या पॉयरोचं त्या प्रकरणाशी काडीचंही नातं नाही. तो तिऱ्हाईत आहे, म्हणूनच शेवटी त्याने दिलेल्या निर्णयाला वजन येतं. अपराधी भावनेने ग्रासलेला पॉयरो हा निवाडा करणारा राहत नाही, तो पक्षकार होतो. शेवटी सगळ्यांना बोगद्याच्या तोंडाशी लांब टेबलामागे 'लास्ट सपर'सारखं ओळीने बसवलंत. चित्रचौकट म्हणून ती डोळ्यांत भरते. पण तोवर कोण कुणाचं कोण हे पॉयरो इतक्या भराभर सांगत सुटलेला असतो, की निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून अशी गत होते. करार मोडला तो इथे.

आता मिशी. तिच्या आकारावर हसणाऱ्यांत मी नाही, पण तिचं काम तुम्ही बदललंत हे सांगायलाच हवं. ख्रिस्तींच्या पॉयरोची मिशी हास्यास्पद आहे, आणि असायलाच हवी. 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी'च्या अखेरीस तो स्वतःच कबूल करतो की आपण मोडकंतोडकं इंग्रजी मुद्दाम बोलतो. समोरचा इंग्रज आपल्याला क्षुद्र परदेशी समजतो आणि बेसावध होतो. मेण लावलेली मिशी, चकाकते बूट, तोंडातलं फ्रेंच, हा सगळा त्याच्या कामाचा सरंजाम आहे. माणसं त्याला हसतात आणि हसता हसता नको ते बोलून जातात. तुमच्या पॉयरोची मिशी भारदस्त आहे. तो डब्यात शिरला की माणसं सावध होतात. आणि त्या मिशीखाली युद्धातला व्रण ठेवल्यावर तिला हसण्याची कुणाची हिंमत होणार? एका सोंगाचं तुम्ही शोकचिन्ह करून टाकलंत.

तुमच्या बाजूने दोन युक्तिवाद होऊ शकतात आणि दोन्ही टाकाऊ नाहीत. पहिला असा की सिनेमाला हालचाल लागते. रेल्वेच्या डब्यात डझनभर जबान्या पाहायला कोण बसेल? याचं उत्तर १९७४ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी देऊन ठेवलं आहे. त्यांच्या 'ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये अल्बर्ट फिनी पॉयरो आहेत. इन्ग्रिड बर्गमन यांची जबानी ल्युमेट यांनी न कापता सलग घेतली. जवळजवळ पाच मिनिटं एक घाबरीघुबरी, भाविक बाई अडखळत बोलते आणि कॅमेरा तिच्यापासून हलत नाही. त्या भूमिकेसाठी बर्गमन यांना ऑस्कर मिळालं. पण उत्तरासाठी ल्युमेटपर्यंत तरी कशाला जायचं? १९९६ मध्ये 'हॅम्लेट' तुम्हीच केलात ना? पोशाख एकोणिसाव्या शतकातले, राजवाडा म्हणून ब्लेनहाइम पॅलेस, आणि संहिता मात्र संपूर्ण, चार तासांची. काळ बदलला तरी चालेल, शब्दाला धक्का लागता कामा नये, हे तेव्हा तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून 'हॅम्लेट' मराठीत आणलं, तेव्हापासून आम्ही हे नाटक नाना वेशांत पाहत आलो आहोत. राजपुत्राचा पोशाख कोणता, हा वाद आमच्याकडे फार काळ टिकला नाही. प्रश्न इतकाच की शेक्सपिअरच्या स्वगतावर तुम्ही जो विश्वास टाकलात, तो ख्रिस्तींच्या जबान्यांवर का टाकला नाहीत? स्वगतातही माणूस उभा राहून बोलतोच, धावत नाही. रहस्यकथा हलक्या जातीची, तिला मसाला लागतोच, असा समज यामागे असेल तर तो जुनाच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांनी तो आमच्याकडेही सोसला आहे.

दुसरा युक्तिवाद जास्त तगडा आहे. आजच्या प्रेक्षकाला नुसतं चालतंबोलतं डोकं नको, माणूस हवा. पॉयरोला भूतकाळ दिला तर बिघडलं कुठे? पण पॉयरोला भूतकाळ आहेच. १९२० च्या 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'मध्ये तो येतो तोच पहिल्या महायुद्धात बेल्जियम सोडावा लागलेला, परक्याच्या आश्रयाने राहणारा निर्वासित म्हणून. निवृत्त पोलीस अधिकारी, देश शत्रूच्या टाचेखाली, आणि हा टेबलावरच्या वस्तू सारख्या ओळीत लावत बसलेला. ख्रिस्तींनी त्याचं दुःख उगाळलं नाही, म्हणून ते नव्हतं असं नाही. डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात सत्तर भागांत हा माणूस उभा केला. २०१० च्या त्यांच्या 'ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये पॉयरो संतापतो, जपमाळ हातात धरून आतून तुटतो. तोही पुस्तकातला पॉयरो नव्हे. पुस्तकातला इतका व्याकूळ कधीच होत नाही. तरी मला तो पटतो, कारण त्याची तडफड याच खुनातून, याच निर्णयातून उपजलेली आहे. तिच्यासाठी खंदकातून प्रेयसी आणावी लागत नाही.

तिसऱ्या चित्रपटाबद्दल मात्र माझं मत तुमच्या टीकाकारांच्या नेमकं उलट आहे. १९६९ ची 'हॅलोवीन पार्टी' घेऊन तुम्ही तिच्यातलं जवळजवळ सगळं फेकून दिलंत. वुडली कॉमन हे गाव गेलं आणि १९४७ चं व्हेनिस आलं. तेरा वर्षांची बढाईखोर जॉइस रेनॉल्ड्स गेली, आणि तिचं नाव लावून मिशेल यो मृतात्म्यांशी बोलणारी बाई झाल्या. तेरा वर्षांची थापाडी मुलगी आपण खून पाहिल्याचं सांगते आणि कुणी विश्वास ठेवत नाही, हा त्या कादंबरीचा गाभा गेला, याचं मला वाईट वाटलं. तरीही या चित्रपटात एक साधी घरगुती वस्तू कॅमेऱ्यासमोरून अनेकदा उघडपणे जाते. आपण ती पाहतो आणि सोडून देतो. शेवटी तिचा अर्थ कळल्यावर स्वतःच्या आंधळेपणाचं हसू येतं. नेलपॉलिशच्या बाटलीची ही सख्खी बहीण. पुस्तकाचं एक पानही न ठेवता तुम्ही इथे ख्रिस्तींच्या जास्त जवळ गेलात, आणि बर्फ, डबा, रुमाल सगळं जागच्या जागी ठेवूनही पहिल्या चित्रपटात दूर राहिलात.

पहिल्या चित्रपटाने जगभरात पस्तीस कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली, पुढच्या दोघांपैकी एकानेही त्याच्या निम्मीही केली नाही. पाठलाग आणि गोळीबार असला की प्रेक्षक येतो, असा धडा या आकड्यांतून कुणी काढू नये. दुसऱ्यातही गोळीबार भरपूर होता.

चौथा पॉयरो करणार असाल तर एक विनंती आहे. १९४२ ची 'फाइव्ह लिटल पिग्ज' घ्या. सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकारावर विषप्रयोग झाला, पत्नीला शिक्षा झाली, ती तुरुंगातच वारली. आता मुलगी पॉयरोकडे येऊन सत्य मागते. प्रेत नाही, हत्यार नाही, ताजा पुरावा नाही. त्या दिवशी घरात असलेल्या पाच माणसांच्या पाच हकिकती आहेत आणि पॉयरोने त्या फक्त ऐकायच्या आहेत. धावायला त्यात जागाच नाही. सगळी कथा हवी तर पुण्याला आणा, टोकियोला न्या, चित्रकाराचा छायाचित्रकार करा. पण ती पाचही माणसं पुरतं बोलून होईपर्यंत कॅमेरा त्यांच्यावरून हलवू नका आणि पॉयरोला खुर्चीवरून उठवू नका.

आपला,
ख्रिस्तींचा एक मराठी वाचक